मामा, वारा गार सुटलाय

दानबीने तो शब्द उच्चारला तेव्हा तिच्या तोंडात भात होता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मंगळवारची दुपार. यूरिमने नेहमीसारखं तिला उंच खुर्चीत पट्टा लावून बसवलं होतं. सकाळी बांगडा तळला होता, त्याचा वास घरात कोंडला होता म्हणून स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. टेबलावर टॅब्लेट उभा होता आणि त्यावर 'दूधआई' मालिकेचा सातवा भाग चालू होता. तो यूरिमने स्वतःसाठी लावला होता, पण पोरगीही डोळे लावून बघायची, आणि बघता बघता समुद्री शेवाळाच्या सूपात कालवलेला वाटीभर भात मुकाट्याने पोटात जायचा. घास, चमचा, घास. मग मध्येच घास गालात धरून दानबीने पडद्यावरची नजर काढली, सरळ आईकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा."

यूरिमचा चमचा हवेतच राहिला.

तेवीस महिने झाले होते. तेवीस महिन्यांत ह्या मुलीने एकही शब्द काढला नव्हता. ऐकू नीट यायचं, सांगितलेलं कळायचं, मोजे आण म्हटलं की दोन्ही मोजे आणायची. बोलायची मात्र नाही. गुरुवारी दवाखान्यात तपासणी होती आणि तिच्यासाठी भरायचा फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवलेला होता. चालणं, चढणं, ठोकळे रचणं, सगळ्या रकान्यांत यूरिमने 'चांगलं जमतं'वर खूण केली होती. बोलण्याचं पान कोरं होतं. त्या पानावर पहिलाच प्रश्न होता: मूल अर्थासह किती शब्द बोलतं, आणि कोणते. त्याच्याखाली: दोन शब्द जोडतं का. सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत, पण यूरिमला तोच आधी दिसायचा: दिवसातून किती वेळ पडदा बघतं.

"काय म्हणालीस?" यूरिमने हळूच विचारलं, जणू मोठ्याने विचारलं तर शब्द उडून जाईल.

दानबीने घास गिळला आणि तोंड उघडलं. दुसऱ्या घासासाठी.

आता इथे अडचण अशी होती की तिकडे, यूरिमच्या देशात, आईला 'मामा' म्हणत नाहीत, 'ऑम्मा' म्हणतात. खाऊला लहान मुलं 'माम्मा' म्हणतात, आपल्याकडच्या मंमंसारखंच, आणि तोंडात भात असताना एखादा 'म' भाताबरोबर गिळला जाणं सहज शक्य होतं. शिवाय राजवाड्यात राणीला, युवराजाला, गादीच्या जवळपासच्या कुणालाही हाक मारायची ती 'मामा' अशीच. आईच्या भावाशी त्याचा काही संबंध नाही. आणि एवढ्यावरही भागत नव्हतं. देवीच्या रोगालाही जुनी माणसं 'मामा' म्हणत. नाव घेतलं तर कोपेल, म्हणून राणीचा मान देऊन बोलायचं आणि मान देऊनच निरोप द्यायचा.

म्हणजे पोरीने खायला मागितलं, की आईला राणी केलं, की रोगाचं नाव घेतलं? की नुसताच आवाज काढला, जसा ढेकर निघतो तसा?

दुसऱ्या एखाद्या आईने आनंदाने चार फोन केले असते. यूरिमने टॅब्लेट उचलला आणि सातवा भाग पुन्हा पहिल्यापासून लावला. कॉलेजात ती इतिहास शिकली होती, आता आठवड्यातून तीन दिवस गावातल्या छोट्या संग्रहालयात पाट्या लिहायचं काम करत होती. एखादा शब्द कुठून आला हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. बेसिनशी उभी राहून तिने सातवा भाग ऐकला आणि वहीच्या मागच्या पानावर खुणा केल्या. एक्केचाळीस. एका भागात एक्केचाळीस वेळा 'मामा'.

ह्या 'दूधआई'चं आणि यूरिमचं नातं तसं विचित्रच होतं. मालिका तीन वर्षांपूर्वी लागली आणि कुणी पाहिली नाही. समोरच्या वाहिनीवर त्याच वेळी कसलासा गाण्यांचा कार्यक्रम होता, त्याने हिची धूळधाण केली. बत्तीस भागांची ठरलेली मालिका चोविसात गुंडाळली. दानबी पोटात असताना यूरिमने ती अशीच कंटाळून लावली आणि पहिल्या भागात वीस मिनिटं फक्त एक बाई अंगण ओलांडून चालत जाते हे बघून थक्क झाली. साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या एका बाळंतिणीला युवराजाला पाजायला राजवाड्यात आणतात, आणि तिचं स्वतःचं पोर मागे राहतं. बस, एवढंच. विष नाही, तलवारी नाहीत, निदान पहिल्या बारा भागांत नाहीत. दूध पाजायचं दृश्य असलं तर पाजणं पूर्ण होईपर्यंत कॅमेरा हलायचा नाही. ते काम करणारी नटी आधी कुठे दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाही. तिचे हात मात्र यूरिमला पाठ होते: बाळाची मान धरताना आधी आपला तळवा गालाला लावून बघायची, गार तर नाही ना म्हणून.

सातव्या भागात राजवाड्यात देवी येतात. दूधआई गवताचा घोडा करते, त्याच्या पाठीवर भाताचा गोळा बांधते, आणि त्या घोड्यापुढे वाकून म्हणते, "मामा, आता दूरचा प्रवास आहे, निघावं." मागे पाळण्यात युवराज रडतो, तेव्हा वळून म्हणते, "मामा, मी इथेच आहे." तोच शब्द. एकाला जा म्हणायला आणि दुसऱ्याला राहा म्हणायला. यूरिमने हे दृश्य तीसेक वेळा पाहिलं असेल.

आणि ह्याच मालिकेत दोष किती, तर सांगता सोय नाही. तेराव्या भागानंतर लेखकाला घाई झाली. कुठूनसा एक तलवारबाज उगवला आणि दूधआईच्या प्रेमात पडला, त्याची काही गरज नव्हती. एकच अंगण तीन वेगवेगळ्या महालांचं म्हणून दाखवलं, नुसती कुंडी इकडची तिकडे केली. पंतप्रधानाची दाढी अकराव्या भागात डाव्या बाजूने सुटलेली आहे. पाचव्या भागात राणीच्या ताटात लालभडक किमची आहे, तिखट घातलेलं कोबीचं लोणचं, आणि मिरची त्या देशात यायला तेव्हा अजून शंभरावर वर्षं होती. ह्या मालिकेच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक छोटासा कट्टा होता, यूरिम धरून अकरा जण. त्या किमचीवर तिने तिथे चार परिच्छेद लिहिले होते. आणि तेराव्या भागातली ती उडी तर सगळ्यांच्याच डोक्यात बसली होती: राणी बर्फात, अंगणात उभी आहे, दूधआईच्या बंद दाराकडे बघतेय, कारण आत दूधआईला तिचं स्वतःचं पोर गेल्याची बातमी कळलेली आहे. आणि पुढच्याच क्षणी राणी आत, मेणबत्तीशेजारी. कोण बोलावून घेऊन गेलं, कशी गेली, काही नाही. कट्ट्यावर त्याला नावच पडलं होतं, 'राणीचं उड्डाण'.

संध्याकाळी क्यूजिनचा फोन आला. यूरिमचा नवरा सोमवार ते शुक्रवार गुमीच्या कारखान्यात असायचा.

"मामा म्हणाली? तुला?"

"माझ्याकडे बघून म्हणाली."

"मग बरोबरच आहे. घरात हुकूम कुणाचा चालतो ते तिला कळलंय."

"चेष्टा पुरे. फॉर्मवर काय लिहू?"

"लिही, एक शब्द बोलते."

"अर्थासह, असं विचारलंय. मला अर्थच माहीत नाही."

"अगं, माझ्या कारखान्यात चाळीस माणसं अर्थ माहीत नसलेले शब्द दिवसभर बोलतात. कुणी त्यांना दवाखान्यात पाठवत नाही." मग तो म्हणाला, "घाबरलीयेस का?"

यूरिम घाबरलेलीच होती. कशाला, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दूध पाजताना, भरवताना, झोपवताना ती स्वतः त्या पडद्याकडे बघत बसायची. जन्मल्यापासून पोरीच्या कानावर आईच्या बोलण्यापेक्षा राजवाड्यातल्या बायकांचं बोलणंच जास्त पडलं होतं. मूल बोलत नाही ते ह्याच्यामुळे असलं तर? आणि तो एकमेव शब्दही आईचा नसून मालिकेचाच निघाला तर?

बुधवारी यूरिमने रजा टाकली होती. सासूबाईंकडे हिवाळ्याची किमची घालायची होती.

सासूबाई, ओकबुन त्यांचं नाव, मुंग्यॉंगच्या घाटाखाली सफरचंदाच्या बागेत राहत. घाटाच्या वर ऐतिहासिक मालिकांसाठी बांधलेला राजवाड्याचा सेट आहे, त्यामुळे त्या भागातल्या बायकांना एक जास्तीचा उद्योग असतो: बागेत काम नसलं की वर जाऊन दासी व्हायचं. ओकबुन नऊ मालिकांत दासी होत्या, दोन मालिकांत प्रेत. यूरिम संग्रहालयात जायची ते तीन दिवस दानबी त्यांच्याकडे असायची.

अंगणात खारवलेल्या कोबीचे ढीग निथळत होते. दोघी मोठ्या टबाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि पानापानाला तिखटाचा लाल मसाला चोपडत होत्या. दानबी ओसरीवर पेंगत होती, मध्येच उठून एखादं सफरचंद ढकलत होती.

"दानबीच्या आई, हातमोजे कोपरापर्यंत ओढ. मागच्या वर्षी तिखट झोंबलं म्हणून दोन दिवस पोरीला हात लावत नव्हतीस."

"ओढले, आई." यूरिमने मोजे ओढले. "आई, दानबी तुमच्याकडे असते तेव्हा काही बोलते?"

"काय बोलणार? नवरा तुझा चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. मग बोलला तो एकदम पूर्ण वाक्य. 'सूप अळणी आहे' म्हणाला. तेव्हापासून थांबला नाही."

"काल ती 'मामा' म्हणाली."

"भूक लागली असेल."

"जेवतच होती."

"मग अजून हवं असेल. तू वाटी किती भरतेस ते मला ठाऊक आहे." ओकबुननी एक कोबी गुंडाळून मडक्यात दाबला. "का त्या टीव्हीवरून शिकली? अजून तेच बघतेस? माझं काम आहे म्हणून बघतेस म्हणावं, तर मी त्यात दिसतच नाही. तीन दिवस उन्हात उभं केलं, दिसला काय तर माझा कोपर."

"नवव्या भागात पाठ पण दिसते," यूरिम म्हणाली.

"पाठ दिसते?" ओकबुन जरा खूश झाल्या. "पण त्यात आवडण्यासारखं काय आहे गं? गावातल्या सगळ्या बायका म्हणाल्या, झोप येते. मीही झोपले."

यूरिमला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. कट्ट्यावर तर सगळे आवडणारेच. "त्यात बाई मुलाला पाजते तर नुसती पाजते," ती सावकाश म्हणाली. "कुणी मध्येच दार उघडून येत नाही. घाई नसते. आणि पाजताना ती कुठे बघते ते नीट लक्ष दिलं तर कळतं. बाळाकडे बघत नाही, दाराकडे बघते. तिचं स्वतःचं पोर दाराच्या पलीकडे कुठेतरी आहे ना."

"हं," ओकबुन म्हणाल्या. "हे दिग्दर्शकाने आम्हाला सांगितलं असतं तर आम्हीही जरा दाराकडे बघितलं असतं."

"पण चुकाही फार आहेत, आई. राणीच्या ताटात लाल किमची. त्या काळात मिरची नव्हतीच. एवढा पैसा ओतून मालिका करतात आणि साधं विचारत नाहीत कुणाला."

ओकबुनचे हात थांबले.

"कुठल्या भागात?"

"पाचव्या."

"सोनेरी काठाचं ताट? तीन पायांचं?"

"तेच."

"ती माझी किमची," ओकबुन म्हणाल्या.

यूरिमने मान वर केली.

"त्यांचा सामानवाला पोरगा पांढरी, बिनमिरचीची किमची आणायला विसरला होता. दिग्दर्शक ओरडत होता, सूर्य उतरत होता. मी म्हटलं, माझ्या डब्यात आहे, घ्या. त्याने विचारलं, चालेल का. मी म्हटलं, किमची आहे, न चालायला काय झालं." त्यांनी यूरिमकडे रोखून बघितलं. "त्याबद्दल कुणी काही लिहिलंय का कुठे?"

"थोडंसं," यूरिम म्हणाली आणि कोबीच्या आतल्या पानात शिरली.

"राणीने दोनदा मागून खाल्ली. खऱ्या भुकेने. ते त्यांनी दाखवलं नाही."

घाटातून वारा उतरला. तो नेहमी साडेतीनच्या सुमाराला उतरतो, आधी बागेतल्या फांद्या हलतात आणि मग अंगणात थंडी येते. ओसरीवर दानबी उभी राहिली होती, तिची टोपी सरकली होती. ओकबुनचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी ते बाजूला धरले, बसल्या जागी मान खाली घातली आणि यूरिमने त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या, बारीक, लांब ओढलेल्या आवाजात म्हणाल्या, "मामा, वारा गार सुटलाय. आत यावं."

आणि दानबी वळली. टोपी तशीच, एक हात भिंतीला लावून, पाय मोजून टाकत, अंगावर जणू दहा पदरी रेशीम आहे अशी ती चालत आत गेली.

यूरिम बघतच राहिली. "आई, हे काय?"

"काय म्हणजे? आत बोलावलं. नुसतं 'आत चल' म्हटलं तर येत नाही ती. हे म्हटलं की येते." ओकबुननी पुढचा कोबी ओढला. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते काही थंडीने नव्हते. "माझं वाक्य होतं ते."

"कुठलं वाक्य?"

"त्या मालिकेतलं. नऊ मालिका केल्या, एकदाच बोलायला मिळालं. राणी बर्फात उभी असते, रडत नाही, नुसती उभी. मी मागून यायचं, अडीच पावलं, मान खाली, आणि हे म्हणायचं. मग ती आत जाते. आठवडाभर बागेत म्हणत होते. सफरचंदाच्या झाडांना आत बोलवत होते. चित्रीकरण झालं, दिग्दर्शक म्हणाला, छान, आजी. मी गावात सगळ्यांना सांगितलं, सगळे टीव्हीसमोर बसले." त्यांनी मडक्याचं झाकण नुसतंच उचललं आणि परत ठेवलं. "मग भाग कमी केले ना. मी गेले."

यूरिमच्या मोज्यांतून लाल पाणी टपकत होतं. राणी बर्फात. पुढच्या क्षणी राणी आत. तीन वर्षं अकरा माणसं विचारत होती की तिला आत कुणी नेलं. आणि ती बाई इथे टबापलीकडे बसली होती, शेजारच्या गावात, तिच्या स्वतःच्या सासरी.

"आई, तेराव्या भागात?"

"भाग-बिग मला ठाऊक नाही. बर्फ होता. जूनमधला, कागदाचा."

मग यूरिमला मंगळवार आठवला. बांगडा. सताड उघडी खिडकी, तिच्यातून गार वारा. ती स्वतः खिडकीकडे पाठ करून, बाह्या वर सारून बसलेली, आणि दानबीची नजर पडद्यावरून तिच्यावर आलेली.

तिने मोजे काढून फेकले आणि आत गेली. दानबीला उचलून ओसरीवर, वाऱ्यात आणलं. "दानबी, काय म्हणायचं? वारा आला की काय म्हणायचं?"

दानबीने आईचं नाक धरलं.

"मामा," यूरिम म्हणाली. "म्हण. मामा."

दानबीने नाक सोडलं आणि कान धरला.

"पोरीला सर्दी होईल," ओकबुन अंगणातून म्हणाल्या. "एवढं शिकलीस आणि वाऱ्यात धरून शब्द काढतेयस. दूध आहे का ते, पिळलं की येईल?"

बुधवारी घरी परतल्यावर रात्रीपर्यंत यूरिमने खिडकी चार वेळा उघडली आणि चार वेळा बंद केली. पोरगी एक अक्षर बोलली नाही. पाचव्यांदा उघडायला गेली तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. ती फ्रिजसमोर उभी राहिली, फॉर्म उतरवला आणि बोलण्याचं पान भरलं. अर्थासह शब्द: एक. कोणता: मामा. मग पेन तसंच धरून बराच वेळ गेला. खाऊ लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. आई लिहिलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. तिने लिहिलं: 'अर्थ: वारा गार आहे, आत ये. (बहुधा.)' दोन शब्द जोडतं का, इथे 'मुळीच जमत नाही'. पडद्याच्या रकान्यात तिने आधी अर्धा तास लिहिलं, मग खोडून खरं लिहिलं: तीन तास, आईबरोबर.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी तो फॉर्म दोनदा वाचला. साठीच्या होत्या, चष्मा कपाळावर ठेवून वाचायच्या.

"बहुधा, असं आजवर कुणी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आया एकतर शंभर शब्द लिहितात, नाहीतर रडतात. तुम्ही कसं शोधून काढलंत?"

यूरिमने सांगितलं. बांगडा, खिडकी, तेरावा भाग, सासूबाई. डॉक्टरीणबाई ऐकत असताना दानबी त्यांच्या टेबलावरचे ठोकळे रचत होती, सात झाले.

"ती मालिका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यात तो तलवारवाला कशाला आणला होता हो?"

यूरिम क्षणभर सगळं विसरली. "तुम्ही पाहिलीत?"

"आईला लकवा झाला होता तेव्हा तिच्याजवळ बसून. तिला वेगाचं काही सोसायचं नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि त्यांचा आवाज पुन्हा दवाखान्यातला झाला. "हे बघा, अर्थ मोठा आहे, पण शब्द एकच आहे. आणि माझ्यासमोर बोलली नाहीये. दोन शब्द जोडत असती तर मी तीन महिने थांबा म्हटलं असतं. आता वाचा तपासणाऱ्यांकडे चिठ्ठी देते. डेगूला जावं लागेल. घाबरायचं कारण नाही, फक्त बघू देत त्यांना. आणि जेवताना पडदा बंद."

"माझ्यामुळे झालं का हे?"

"ते मला ठाऊक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हालाही नाही. ज्याचा पत्ता लागतो ते तुम्ही शोधून काढता, हे चांगलं आहे. ह्याचा पत्ता लागणार नाही. सोडून द्या."

बाहेर वारा होता. साडेतीन वाजले होते. यूरिम दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून चिठ्ठी वाचत होती. पुढच्या महिन्याची बारा तारीख, सकाळी दहा, सोबत जुने कागद आणावेत. तिने पुन्हा वाचलं. वाचण्यासारखं त्यात तेवढंच होतं तरी तिसऱ्यांदा वाचलं. स्कार्फचं एक टोक सुटून फडफडत होतं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. दानबीचा हात सुटलाय, हेही कळलं ते मागचं आपोआप सरकणारं दार उघडल्याचा आवाज झाला तेव्हा.

ती दचकून वळली. दानबी दवाखान्याच्या आत गेली होती, उंबऱ्यापासून अडीच पावलं. दाराला कळत नव्हतं मिटावं की उघडं राहावं, ते अर्ध्यावर येऊन पुन्हा मागे जात होतं. पोरीने दोन्ही हात पोटावर जोडले होते आणि मान इतकी खाली घातली होती की टोपीचा गोंडा तेवढा दिसत होता.

"मामा," गोंडा म्हणाला. मग श्वास घ्यायला लागेल तेवढी फट गेली. "याव."

काउंटरमागची बाई पुढे वाकून बघायला लागली. यूरिमचा हात आपसूक पर्समधल्या वहीकडे गेला, तारीख, वेळ, शब्द दोन, आणि तसाच थांबला. आत कुणीतरी मान खाली घालून वाट बघत होतं, आणि राणी आत येईपर्यंत दासीला मान वर करता येत नाही, एवढं तिला मालिकेतून ठाऊक होतं.

"बाळ कुणाला बोलवतंय?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"मला," यूरिम म्हणाली, आणि आत गेली.